आधी घोटभर

जगातली कोणतीही गोष्ट करायची नसते, फक्त करून बघायची असते, असं मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातंच असं की त्यात निवडीला वाव नाही. सासऱ्यांनी दोन मुली दोन घरी दिल्या आणि आम्ही दोन अनोळखी पुरुष जन्मभरासाठी एकमेकांच्या वाट्याला आलो. आमचे साडू घरी आले की आधी चहा येतो. ते त्यातला घोटभर बशीत ओततात, पितात आणि आढ्याकडे बघत थांबतात. "आधी घोटभर. पोटाचं काय म्हणणं पडतं ते बघू," असं त्यांचं म्हणणं. पोट आपलं म्हणणं मांडेपर्यंत कपातल्या चहावर साय धरते, आणि मग 'चहा गार आहे' हा शेरा माझ्या बायकोला ऐकून घ्यावा लागतो. कळमनुरीच्या बाजारात चप्पल घ्यायची तर हे नव्या जोडातली एकच चप्पल पायात घालून बाजारभर फिरून येतात, आणि दुसऱ्या पायात जुनी असते. त्यामुळे ओळखीपाळखीचा प्रत्येक माणूस थांबवून विचारतो, आणि हे प्रत्येकाला चाचणीचं महत्त्व समजावून सांगतात. छत्री नळाखाली धरून बघितल्याशिवाय घरात येत नाही. हिंगोलीला घर बांधलं तेव्हा आधी स्वतः एकटे उशी घेऊन तिथे राहून आले, झोप लागते असा निष्कर्ष निघाला, आणि मगच बाकीच्या कुटुंबाला त्या घरात प्रवेश मिळाला.

मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. होणाऱ्या जावयाला म्हणाले, आठवडाभर आमच्याकडे राहून जा, कसं जमतं ते बघू. मुलाकडची माणसं चिडली, मध्यस्थाने कपाळावर हात मारून घेतला, पण मुलगा बिचारा आला आणि राहिला. त्याने वांग्याची भाजी न खाता ताटात तशीच टाकली. तेवढ्या एका गोष्टीवर आमच्या साडूंनी 'किरकोळ त्रुटी, सुधारणेस वाव' असा निकाल देऊन लग्नाला मंजुरी दिली. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा हयात होती. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "माझ्याशी लग्न तेवढं डायरेक्ट करून टाकलं यांनी. म्हणून तर आजून मला तपासून राहिले." पुढे ती अचानक गेली. एकट्याने राहायची चाचणी मात्र साडूंनी कधी घेतलेली नव्हती, आणि ते त्यांच्या शर्टाच्या बटणांवरून कुणालाही कळायचं.

तसा दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. त्यांची सगळी हयात भूजलाच्या खात्यात गेली, आणि आपल्या सरकारला एकदम पाणी द्यायची सवय नाही. आधी एका गावात प्रायोगिक काम करायचं, ते जमलं तर सगळीकडे करायचं, अशी पद्धत. आमच्या साडूंनी जिल्हाभर प्रायोगिक कामं केली आणि ती एकूण एक यशस्वी झाली. प्रत्येक ठिकाणी फीत कापली गेली, फोटो निघाले, साहेबांनी 'उत्तम' म्हटलं, साहेबांची बदली झाली, आणि नव्या साहेबांना नवा प्रयोग सुचला. सेनगावकडे त्यांच्या अशाच एका यशस्वी प्रयोगाच्या खांबाला आता शेळ्या बांधतात. आणि खांब अजून हललेला नाही, हे ते अभिमानाने सांगतात. प्रयोगाचा प्रकल्प झालेला मात्र त्यांनी निवृत्तीपर्यंत एकदाही पाहिला नाही.

निवृत्तीनंतर सुखाने बसतील असं वाटत होतं. पण आमच्या गावाला त्यांची गरज पडली. कळमनुरीच्या वाटेवर, आमच्या वस्तीला लागून एक पेट्रोल पंप होता. त्याची जमिनीतली टाकी गळत होती आणि ते कुणाला कळलं नाही. म्हणजे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं नाही. आम्हाला कळलं ते आमच्या विहिरीमुळे. एके दिवशी पाण्याला वास आला, मग वर इंद्रधनुष्यासारखे रंग तरंगायला लागले, मग त्या पाण्यात शिजवलेलं वरण कुत्र्यानेही नाकारलं. तपासणीला आलेल्या पहिल्या साहेबांनी नाकाला रुमाल लावून 'वास जाणवत नाही' असं सांगितलं, ते खरंच होतं. पंप बंद झाला, मालक गेला, डिझेल राहिलं. पुढे बऱ्याच अर्जांनंतर ठरलं की जमिनीतलं खराब पाणी उपसून, ते शुद्ध करून बघायचं. आधी प्रायोगिक, अर्थात. जमलं तर मोठी योजना. नाही जमलं तर विहीर मुरूम टाकून बुजवायची आणि विषय संपवायचा. हे काम ज्या कंपनीला मिळालं तिला खडकातलं पाणी कळणारा अनुभवी माणूस हवा होता, आणि तिने आमच्या साडूंना कंत्राटावर घेतलं. ते आमच्याच घरी उतरले. "आधी आठ दिवस राहून बघतो," म्हणाले आणि वर्षभर राहिले.

विहीर बुजवायची हे शब्द कागदावर सोपे दिसतात. ती विहीर आमच्या वस्तीने स्वतःच्या हाताने खणलेली आहे. त्या काळी गावच्या विहिरीवर आमच्या माणसांनी पोहरा टाकायचा नाही असा नियम होता, म्हणून माझा बाप आणि त्याच्याबरोबरची माणसं रोजची मजुरी करून आल्यावर इथला खडक फोडायला बसत. माझी आत्या तेव्हा परकरातली पोर होती. तिने डोक्यावर पाटी घेऊन दगड वाहिले. आता ती वस्तीतली सगळ्यांत म्हातारी आहे, आमच्याच घरात राहते, आणि दगड वाहणाऱ्यांतली ती एकटीच मागे राहिली आहे. दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीला याच विहिरीच्या पाण्याचं सरबत व्हायचं. ते आता टँकरच्या पाण्याचं होतं आणि आत्या त्याला तोंड लावत नाही. साडू आले त्या दिवशी तिने त्यांना अंगणातच गाठलं.

"पाव्हनं, माझी हीर साफ करून राहिले म्हंता तुमी?"

"आधी बघू, आत्या. होतं का ते बघू."

"बघू काय? करा ना! आमी काय बघत बसलो व्हतो का तवा? खांदली की सरळ."

आमच्या साडूंना आयुष्यात एवढा अशास्त्रीय प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी चहा मागितला. आत्याने बशीतला घोट, आढ्याकडची नजर, सगळं पाहिलं आणि माझ्या बायकोला मोठ्याने म्हणाली, "ह्यो मानूस असा घोटघोट करत राह्यला तर मी मरून जाईन गं." तेव्हापासून घरात त्यांचं नाव 'घोटभर पाव्हनं' पडलं.

मग पंपाच्या जागेवर यंत्रं आली. उपसायला एक बोअर, आणि पाण्याची पातळी बघायला भोवती लांबलांब वेगळ्या बोअर. उपसलेलं पाणी आधी एका टाकीत, तिथे तेल वर तरंगायचं आणि काढून घेतलं जायचं. मग एका उंच नळकांड्यात, तिथे खालून हवा सोडून वास उडवायचा. मग कोळशाने भरलेल्या टाकीत, तिथे उरलेली घाण कोळसा धरून ठेवायचा. लाइटवर भरवसा नको म्हणून हे सगळं जनरेटरवर. जमिनीतलं डिझेल काढण्यासाठी जमिनीवर डिझेल जाळायचं, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला मी दुरून नमस्कार केला. उद्घाटनाला नारळ फोडायचा होता. आमच्या साडूंनी आधी सुपारी फोडून बघायला सांगितली असती, पण तेवढ्यात सरपंचांनी नारळ आपटला आणि तो निघाला नासका. "बघा," साडू माझ्या कानात म्हणाले, "आधी बघितला असता तर?" त्यांचा चेहरा त्या दिवशी फार प्रसन्न होता.

खरी परीक्षा उपशाची होती. एका बोअरने सलग पाणी ओढलं तर लांबच्या बोअरमधली पातळी खाली जाते का, म्हणजे पसरलेलं डिझेल या एका तोंडाकडे ओढून आणता येतं का, हे बघायचं होतं. साडू हातात फितीचं रीळ घेऊन एका बोअरवरून दुसऱ्या बोअरवर पळत होते. फितीचं टोक पाण्याला लागलं की ते पीं वाजायचं आणि हे मान डोलवायचे. सकाळी पातळी जागची हलेना. त्यांचं तोंड उतरलं. आणि थोड्या वेळाने चमत्कार झाला. एकेक बोअर भराभर खाली जायला लागली, अगदी लांबची, नाल्यापलीकडचीसुद्धा! आमचे साडू नाचायचेच बाकी होते. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेबांनी आणखी वरच्या साहेबांना लावला. मला पेढे आणायला पिटाळलं. मीही शिक्षक माणूस, अक्कल गहाण टाकून पेढे घेऊन आलो. साडूंनी पेढ्याचा कोपरा तोडून खाल्ला आणि बाकीचा हातात धरून थांबले.

तो पेढा त्यांच्या हातातच राहिला, कारण दुपारी पातळी परत वर यायला लागली. आमचा पंप चालू, पाणी तर धो धो बाहेर पडतंय, आणि तरी बोअरमधलं पाणी चढतंय. साडूंनी जनरेटर क्षणभर बंद करायला लावला आणि कान टवकारले. सगळीकडे शांत होतं. तेवढ्यात त्यांच्या डोक्यात उजेड पडला. लाइट गेली होती. आमच्याकडे शेतीची लाइट पाळीने येते, आणि शेतकऱ्याला ती येण्याची वाट बघत बसायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येक मोटरीला ऑटो बसवलेला असतो. लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी आपोआप एकदम चालू, गेली की एकदम बंद. जनरेटरच्या आवाजात ते कुणाला ऐकूच आलं नव्हतं. साडूंच्या एका बोअरने पाणी ओढलंच नव्हतं, ते सगळ्या गावाने मिळून ओढलं होतं. ज्यांच्या घरी ऑटो आहे अशा किमान वीस माणसांनी त्या सकाळी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्यात मीही होतो.

साडूंनी पुन्हा साहेबांना फोन लावला. मी शेजारीच उभा होतो.

"साहेब, सकाळचे आकडे खरे नाहीत. मोटरी चालू होत्या."

"आकडे चांगले आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"चांगले आहेत, पण खोटे आहेत."

"मग राहू द्या की. मंजुरी मिळून जाईल. लोकांचंच भलं आहे."

साहेबांचं बोलणं बिनचूक होतं. त्या आकड्यांवर योजना लगेच मंजूर झाली असती, फीत कापली गेली असती, आमच्या साडूंच्या प्रयोगाचा जन्मात पहिल्यांदा प्रकल्प झाला असता. फक्त तो एका बोअरचा झाला असता, ती बोअर आपल्यापुरतं पाणी उपसत बसली असती, आणि लांबच्या कपारीतलं डिझेल आमच्या विहिरीत येतच राहिलं असतं. उलट, फेरचाचणीत आकडे वाईट आले तर मुरमाचे टिप्पर तयारच होते. साडू बराच वेळ उरलेल्या पेढ्याकडे बघत बसले. मग तो त्यांनी कुत्र्याला टाकला आणि म्हणाले, "परत करायचं. मोटरी बंद ठेवून."

मोटरी बंद ठेवून! त्या दिवसांत गव्हाला पाणी चालू होतं, हळद शेवटच्या पाण्यावर होती. साडू घरोघर फिरले. "आधी एक पाळी बंद ठेवून बघा, पिकाचं काय म्हणणं पडतं ते बघू," असं त्यांनी लोकांना समजावलं. पिकाचं म्हणणं शेतकऱ्याला समजावून सांगणारा हा पहिलाच माणूस. लोकांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं. सगळ्यांत मोठी मोटर नाल्यापलीकडच्या अण्णांची. त्यांची हळद मोठी, जीभ त्याहून मोठी. "तुमच्या वस्तीच्या विहिरीपायी आमी आमची हळद वाळवायची काहून?" त्यांनी विचारलं. आणि अण्णा करणार नाहीत ते गावात कुणी करणार नव्हतं. साडू घरी आले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी त्यांनी चहाला घोटभरसुद्धा तोंड लावलं नाही.

आत्या उठली, काठी घेतली आणि चालायला लागली. मी आणि साडू मागे निघालो. अण्णा मळ्यात आखाड्यावरच्या खोपटापुढे बसले होते. त्यांनी आत्याला बघून बाज पुढे सरकवली. आत्या बाजेवर टेकली, दम खाल्ला आणि हसत म्हणाली, "अण्णा, लई तकलीफ देली बाबा तुमच्या आज्यानं आमाला."

अण्णा म्हणाले, "ते जुनं हाय, आत्या. आता काहून काढता?"

"भांडायला न्हाई आले रे. त्येनं हिरीवर चढू देलं न्हाई म्हनून तर आमची हीर झाली. न्हाईतर कोन खांदत व्हतं खडकात? माह्या डोक्यावरचे केस गेले त्या पाटीनं." तिने पदर मागे सारून टक्कल दाखवलं. "तवा तुमी आमाला पानी घेऊ नका म्हनले, आमी न्हाई घेतलं. आता मी म्हनून राहिले, थोडे दिस तुमी घेऊ नका. बराबरी हून जाईल."

अण्णा खाली मान घालून जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिले. मग उठले, खोपटातल्या पेटीतून मोटरीची किटकॅट, म्हणजे फ्यूज, ओढून काढली, खिशात घातली आणि आमच्या साडूंना म्हणाले, "चला. बाकीच्यायच्या मीच काढून देतो. तुमचं ते घोटघोट ऐकून कोनी काढणार न्हाई." मी आयुष्यभर पाण्यावर पोरांना धडे शिकवले, पण त्या मळ्यात मला अण्णांचे आभारसुद्धा मानता आले नाहीत.

त्या दिवसांत लाइट यायची आणि जायची, पण शिवारात एकही मोटर बोलायची नाही. फक्त आमचा जनरेटर आणि साडूंच्या फितीची पीं. अण्णा स्वतः बांधावर बसून राखण करत होते आणि कुणाच्या खोपटातून गुरगुर आली की शिव्या देत धावत होते. आकडे आले. ते पहिल्या आकड्यांइतके चांगले नव्हते. एका बोअरची ओढ विहिरीच्या अलीकडेच संपत होती. आणखी दोन बोअर मारल्या तर काम होण्यासारखं होतं. साडूंनी ते जसंच्या तसं कळवलं. साहेब नाराज झाले, बदलीच्या वाटेला लागले, आणि नव्या साहेबांनी, कदाचित नवा प्रयोग सुचायला वेळ मिळाला नाही म्हणून, तीन बोअरची योजना मंजूर करून टाकली. विहिरीत टाकायचा मुरूम दुसऱ्या गावच्या रस्त्यावर पडला.

कोळशाच्या टाकीतून निघालेलं पाणी इतके दिवस लिंबाच्या झाडांना जात होतं. साडू त्याला कुणाला हात लावू देत नव्हते. साडूंच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी प्रयोगशाळेचा निकाल आला की हे शुद्ध झालेलं पाणी पिण्यास योग्य आहे. सगळी वस्ती जमली. साडूंनी स्टीलचे दोन ग्लास भरले आणि एक आत्याच्या हातात दिला. आत्या म्हणाली, "आधी तुमी." सगळे हसायला लागले, कारण आता घोट, मग आभाळाकडे नजर, मग अर्धा तास. आमच्या साडूंनी ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. मिशीवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग आत्याने ग्लास ओठाला लावला, घोटभर प्यायली आणि खाली ठेवला.

"का हो आत्या?" साडूंनी घाबरून विचारलं. "वास येतो?"

"न्हाई. गोड हाय. पन हे टाकीतलं हाय. बाकीचं माह्या हिरीतून पिईन." मग त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाली, "कवा पिईन, पाव्हनं?"

"पिताल की," आमचे साडू म्हणाले. "लवकरच."

दुपारच्या एसटीची वाट बघताना मी त्यांना विचारलं, की खरंच लवकर का? ते म्हणाले, तीन बोअर नीट चालल्या तरी बरीच वर्षं. खडकाच्या कपारीतून डिझेल हळूहळूच सुटतं, त्याला घाई चालत नाही. "मग तिला लवकर कशाला सांगितलं?" मी म्हटलं. "इतकी वर्षं न बघता एक शब्द बोलला नाहीत तुम्ही." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्याचं काही बघण्यासारखं नव्हतं, गुरुजी," म्हणाले, "बोलून गेलो." तेवढ्यात गाडी आली.

आता ते मुलीकडे असतात, वांगी न खाणाऱ्या जावयाच्या घरी. एकच पिशवी घेऊन गेले आहेत, जमतं का ते बघायला. बाकीचं सामान आमच्या माडीवर आहे आणि माझी बायको ते हलवू देत नाही. इकडे तीन बोअर चालू आहेत. विहिरीवरचे रंग गेले, वास बराच कमी झाला, पण निकाल अजून 'अयोग्य' असाच येतो. आत्या रोज काठी टेकत जाते, कठड्यावरून वाकून हुंगते आणि परत येते. अलीकडे तिला मध्ये दोनदा बसावं लागतं. अण्णा कधी दिसले तर तिला हात देऊन उठवतात.

साडूंचा दर रविवारी फोन येतो. पूर्वी ते आधी पातळी विचारायचे, मग कोळसा बदलला का ते, मग जनरेटरचं. आता तसं करत नाहीत. मी फोन उचलला की ते एवढंच विचारतात, "आत्या?"

"आहे," मी म्हणतो.

"म्हणजे चालू आहे," ते म्हणतात, आणि त्यानंतर आम्ही पाण्याचं बोलतो.